सायतामाची सरकती गॅलरी

मोठ्या इनडोअर स्टेडियममध्ये छोटा कार्यक्रम ठेवला की रिकाम्या खुर्च्या डोळ्यांत खुपतात. पडदे लावून त्या झाकायच्या, हा नेहमीचा तोडगा. टोकियोजवळच्या सायतामा सुपर अरेनानं (२००० साली सुरू) मात्र इमारतच हलवायची ठरवली! सुमारे ९,००० खुर्च्यांचा, १५,००० टनांचा अख्खा भाग ७० मीटर सरकतो. खुर्च्यांबरोबर स्वच्छतागृहंसुद्धा निघतात, आणि मला तेच सगळ्यात भारी वाटतं. 😄 हा भाग मागे गेला की ३० हजारांहून जास्त प्रेक्षक मावतात. पुढे आला की मागे उरलेल्या मोकळ्या जागेत वेगळे कार्यक्रम. गाण्यांचे मोठे शो, कुस्ती, बर्फ गोठवून फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा, सगळं इथं होतं. ऑलिंपिकचं बास्केटबॉलही इथंच झालं, २०२१मध्ये. कोविडमुळे तेव्हा प्रेक्षकच नव्हते!