गोवा ट्रान्स का रंगतो?

१९९० च्या दशकात गोव्यातल्या हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून ‘गोवा ट्रान्स’ हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार जगभर पोचला. त्यात मिनिटाला साधारण १४० ते १५० ठोके पडतात, तेही सारख्या अंतराने. पुढचा ठोका कधी येणार हे मेंदू आधीच ताडतो, म्हणून पाय आपोआप ठेका धरतात. त्यावर सिंथेसायझरची एकच छोटी सुरावट फिरत राहते. स्वर तेच, पण आवाजाची धार रोखून धरणारा फिल्टर हळूहळू उघडत गेला की दबका आवाज धारदार होतो. पुनरावृत्तीतला हा बारीक बदल टिपण्यात कान गुंततात. मग ठोका अचानक थांबतो. उत्कंठा ताणली जाते आणि तो परतताच गर्दी उसळते. तबल्याच्या समेवर दाद देणाऱ्या रसिकाला हा आनंद परका नाही.