महाराष्ट्र बोलू लागला ती वीस वर्षं

१९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरात साथ उतरली. पुढे सैनिकांच्या आगगाड्यांबरोबर ती देशभर पोचली आणि एक कोटीहून अधिक माणसं घेऊन गेली. खेड्यापाड्यांत तिला मानमोडी म्हणत. महायुद्ध अजून संपायचं होतं. धान्य महागलं होतं, कापड महागलं होतं आणि मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून परतलेला शिपाई गावात शिरला तो घरातली अर्धी माणसं गमावूनच. त्यातही महार शिपायाच्या वाट्याला आलेला अपमान निराळा होता. १८९०च्या दशकात सरकारने त्यांची भरती बंद केली, युद्धाची निकड भासताच १९१७ साली १११वी महार पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडून टाकली. रायगडाच्या पायथ्याच्या पट्ट्यात, रत्नागिरीत, सातारा-नगर भागात अशी पेन्शनर आणि घरी पाठवलेल्या शिपायांची घरं होती. पलटणीच्या शाळेमुळे अक्षर ओळखणारी, परेडमुळे ताठ उभी राहणारी ही घरं पुढे दहा वर्षांत काय करणार आहेत, याचा अंदाज पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांना नव्हता.

शाळेत आपण हा काळ एका तारखेपासून शिकतो. १ ऑगस्ट १९२०, सरदारगृह, टिळकांचं निधन, आणि मग गांधीयुग. मला ही मांडणी फार अपुरी वाटते. त्याच वर्षी ३१ जानेवारीला आंबेडकरांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. मार्चमध्ये कागल संस्थानातल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हा शाहू महाराजांनी भर सभेत आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. त्याच्या आदल्याच वर्षी कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली होती. म्हणजे जुनं नेतृत्व मावळण्याआधीच नव्या आवाजांनी जागा धरायला सुरुवात केली होती. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांमधली ही वीस वर्षं मला त्यासाठी मोलाची वाटतात. ज्यांच्या वतीने तोवर दुसरेच कोणी बोलत, लिहीत, निवाडे देत, ती माणसं या काळात स्वतः बोलायला लागली.

ही बोलणी नेहमीच सौम्य नव्हती. पुण्यात ब्राह्मणेतरांच्या छत्रपती मेळ्याने गणेशोत्सवाच्या रस्त्यावरच उच्चवर्णीय मेळ्यांना आव्हान दिलं. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेने तर खटला ओढवून घेतला, आणि अपिलात बाजू मांडायला आंबेडकर उभे राहिले. जवळकरांची भाषा आजही बोचते, पण ती कुठल्या साचलेल्या रागातून आली हे विसरून ती वाचता येत नाही. मुळशीला टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. ते हरले. धरण झालं, गावं बुडाली.

महाडला मात्र थांबायलाच हवं. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावावरून मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही त्याप्रमाणे ठराव केला. तरी चवदार तळ्यावर जायची कुणाची हिंमत होत नव्हती. मार्च १९२७ मध्ये तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा मंडपात पिण्यापुरतं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. तळं हाकेच्या अंतरावर होतं. २० मार्चला हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली, आंबेडकर पाणी प्याले, मग बाकीचे प्याले. एवढंच घडलं. त्यानंतर ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठवून मंडपात जेवत्या माणसांवर लाठ्या चालल्या. जमलेल्यांत कितीतरी जण माजी शिपाई होते, हात उचलायची परवानगी मागत होते. ती त्यांना मिळाली नाही आणि त्यांनी ती शिस्त पाळली. पुढे शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळं शुद्ध करण्यात आलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात लोक पुन्हा आले. या वेळी हिंदूंपैकी कुणी जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. त्या दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला होता. पण मला त्या दहनाइतकीच त्यानंतरची बायकांची सभा महत्त्वाची वाटते. जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, असं आंबेडकरांनी तिथे सांगितलं आणि बायकांनी ते लगोलग अमलात आणलं. पाण्यावरच्या हक्काचा दावा कोर्टात दहा वर्षं चालला. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी एवढा काळ!

महाडनंतर वर्षभरात मुंबईचं गिरणगाव पेटलं. दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, सांभाळायचे, तेही कमी माणसांत, अशी नवी पद्धत काही गिरण्यांनी आणली होती. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला, दीड लाख कामगार बाहेर पडले आणि सहा महिने टिकले. कोकणातले, घाटावरचे कितीतरी जण गावी गेले, राहिलेले चाळींतून उधारीवर आणि वाटलेल्या धान्यावर जगले. मे महिन्यात उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनमध्ये डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर होते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून अर्जुन आळवे, कासले असे प्रत्यक्ष साच्यावर काम केलेले पुढारी होते. कामगारांचं दुःख सांगायला तोवर बाहेरचा शिकलेला माणूसच लागे, हा प्रघात आळवे-कासल्यांनी मोडला.

तरी या संपातली एक गोष्ट झाकून चालणार नाही. साचाखात्यात पगार बरा होता, पण अस्पृश्यांना तिथे काम मिळत नसे. धोट्यातली कांडी बदलली की तोंडाने धागा ओढून घ्यावा लागे, आणि दुसऱ्याच्या उष्ट्या धाग्याला स्पृश्य कामगार तयार नव्हते. मालकाविरुद्ध एकजुटीने लढणारी माणसं त्या धाग्यापाशी अडत होती. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी तो नाखुशीने मागण्यांत घेतला. त्या वेळी ही मागणी मनापासून उचलली गेली असती, तर महाराष्ट्रातल्या डाव्या चळवळीचा आणि दलित चळवळीचा पुढचा प्रवास इतका वेगवेगळा झाला नसता, असं माझं ठाम मत आहे. १९२९च्या मार्चमध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि ते काम अर्धवट राहिलं.

१९३० साल तर सगळीकडून अंगावर आल्यासारखं आलं. मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ, सप्टेंबरात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार, डिसेंबरात काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू. सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. पुढच्या वर्षी त्याच तुरुंगात पुणे करार झाला. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे.

घराच्या आत काय चाललं होतं, याची नोंद कमी घेतली जाते. र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि खटले, दंड सोसत मरेपर्यंत चालवलं. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील आंबेडकरच होते. खटला हरला, पण लैंगिक विषयावरचं लिखाण म्हणजे अश्लीलता नव्हे हे कोर्टात मराठी मासिकाच्या निमित्ताने बोललं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. घर चालवण्यासाठी नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या शिकलेल्या मुलींच्या मनात काय आहे, हे विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिलेलं वाचून पांढरपेशा समाज हादरला. निषेधाच्या सभा झाल्या. बाळूताई खरे हे खरं नाव पुढे आणायला लेखिकेला धीर होईना, यावरूनच त्या हादऱ्याची कल्पना यावी. त्याच १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या शालूने भारलेल्या प्रेक्षकाला रंगभूमीवर खरी बाई पाहायला मिळाली.

‘प्रभात’ ही चित्रपटसंस्थाही याच काळातली. बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत घेऊन काढलेल्या चित्रपटाचं ‘महात्मा’ हे नाव सरकारला खटकलं, म्हणून तो ‘धर्मात्मा’ झाला. १९३६च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अजोड आहेच, पण मला त्याहून जवळची वाटते ती गौरीची जिजाई. लेकरू आजारी पडल्यावर देवाशीच भांडायला निघणारी, भुकेचा हिशेब विठ्ठलाकडे मागणारी. दुसऱ्या वर्षी ‘कुंकू’त शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देते. महाडच्या बायका, शिरूरकरांच्या कळ्या आणि ही नीरा यांची कधी गाठ पडली नसेल, पण त्या एकाच दशकात बोलत होत्या.

१९३७च्या निवडणुकीने मुंबईत काँग्रेसचं खेर मंत्रिमंडळ आलं. आंबेडकरांनी खोती ही जमीनदारी पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले कुणबी आणि महार शेतकरी एकत्र मोर्चाने कायदे मंडळावर गेले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधन घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध संप झाला आणि दहा वर्षांपूर्वी साचाखात्यावरून ताणलेले आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर आले. हा मेळ फार काळ टिकला नाही, पण तो शक्य आहे हे मुंबईने पाहिलं.

३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉयने कुणाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. २ ऑक्टोबरला मुंबईत सुमारे नव्वद हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवस काम बंद ठेवलं. पहिल्या महायुद्धात असं काही कुणाच्या मनातही आलं नव्हतं. महिनाभरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि खोतीचं विधेयक तसंच पडून राहिलं. खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ साली.