शक्तिशेष

आगाशी व आसपासच्या गांवांतील वाड्यांना पूर्वीं रहाटाचें पाणी मिळे. जुंपलेलें जनावर सोडलें म्हणजे रहाट थांबला, असें पाहणारास वाटे. परंतु विहिरींतून वर येणारे पोहरे भरलेले असत व त्यांच्या भारानें चाक उलटें फिरूं पाही. चाकास अडकण घातल्यावांचून दांत्यांजवळ हात नेणें शहाणपणाचें नसे. ऋण, अग्नि व शत्रु यांचा शेष ठेवूं नये, असें आपलें जुनें नीतिशास्त्र सांगतें. यंत्रांतील शक्तीचा शेषहि त्याच पंक्तींत बसवावा, असें आम्हांस वाटतें.

रहाट गेले. आज वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरें या भागांत लहान लहान कारखान्यांची दाटी झाली आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरचें कोणी तरी अशा ठिकाणीं मालक, पर्यवेक्षक अथवा कारागीर असेल. तेथील पत्रा कापण्याच्या प्रेसची मोटार बंद केली तरी तिचें जड चाक कांहीं वेळ वेगांत असतें. प्लॅस्टिकच्या वस्तु ओतणाऱ्या यंत्रांत तेलाचा दाब कोंडलेला राहतो, नळी तापलेली असते, हवेच्या टाकींत दाब असतो. उचलून धरलेला साचा तर केवळ स्वतःच्या वजनानेंच खालीं येऊं शकतो. बटण दाबल्यानें येणारी वीज थांबते. आलेली शक्ति थांबतेच असें नाहीं.

दुसरा धोका मनुष्याचा. एक कारागीर यंत्रांत हात घालून बसला आहे, हें भिंतीपलीकडच्या सोबत्यास ठाऊक नसतें. तो सहज बटण दाबतो. यावर उपाय अगदीं साधा आहे. मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावें, नांवाची चिठ्ठी अडकवावी, आणि किल्ली ज्याचा हात यंत्रांत जाणार त्याच्याच खिशांत असावी. साहेबाच्या टेबलावर नव्हे. चौघे काम करीत असतील तर एकाच कडींत चौघांचीं चार कुलुपें. कोंडलेला दाब सोडून द्यावा, उचललेल्या भागास टेकू द्यावा, आणि मग माणसें दूर आहेत असें पाहून चालू करण्याचें बटण मुद्दाम दाबावें. यंत्र हललें नाहीं, तरच हात घालावा. या पद्धतीस लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. अमेरिकेंत १९८९ सालीं तिचा सविस्तर नियम झाला. आपल्याकडे मात्र १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २४ व्या कलमांत १९७६ सालींच अशी भर घातली गेली कीं, वीज तोडण्याचें जें साधन चुकून चालू होऊं शकतें, तें बंद स्थितींत कुलूपबंद करण्याची सोय असावी. कायदा मागें नव्हता. कुलूप विकत घेणारा मागें होता! एका कुलपाच्या किंमतीचा हिशोब घालणाऱ्या मालकानें कामगाराच्या बोटांचा हिशोब कोणत्या वहींत मांडला आहे, हें आम्हांस कळत नाहीं.

शिस्त पाहावयाची तर विरारच्या रेल्वेवर पाहावी. डोक्यावरील तारेंत २५,००० व्होल्टची वीज असते. ती बंद केल्याचा लेखी परवाना हातीं आल्यावरहि कामगार तारेस स्पर्श करीत नाहीं. आधीं कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस ती तार जमिनीशीं जोडतो. कारण शेजारच्या मार्गावरील प्रवाहामुळें बंद तारेंतहि विद्युत् उत्पन्न होऊं शकते.

घरींहि हेंच. एकत्र कुटुंबांत एका पंपाचें बटण दहा हातांच्या आटोक्यांत असतें. खालीं कोणी पंप उघडून बसला असतां वर माजघरांतून “टाकी भरा ग!” अशी हाक येते, आणि आज्ञाधारक सून अथवा नातू बटण दाबून मोकळा होतो. आजीच्या कनवटीला कोठीची किल्ली असे, तशी पंपाच्या स्विचपेटीची किल्ली त्या वेळीं दुरुस्ती करणाराजवळ असावी. इन्व्हर्टर असलेल्या घरांत तर विशेष जपावें. मेन स्विच बंद करतांच तो आपणहून कांहीं तारांत वीज सोडतो. तोहि निराळा बंद करावा. मग टेस्टर लावून पाहावा. आणि तो टेस्टर आधीं चालू असलेल्या जागीं लावून, त्याचा दिवा लागतो कीं नाहीं, तें पाहून घ्यावें.