गीझर लावताच मेन पडतो तेव्हा
साठवण गीझर सुरू करताच घरातला आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा हीटिंग एलिमेंटमधून वीज गळून अर्थिंगच्या तारेत जात असते. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षार साचतात, त्याचे धातूचे आवरण तडकते आणि आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत ओल शिरते. घरगुती आरसीसीबी साधारणपणे 30 मिलिअँपिअर गळतीला पडतो; एमसीबी जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावरच पडतो, एवढ्याशा गळतीचा त्याला पत्ताच लागत नाही.

घरच्या माणसाने करायची तपासणी थोडकीच. मेन बंद करून कोरड्या हातांनी गीझरचा प्लग काढावा, मग मेन सुरू करून आरसीसीबी चढवावा. तो टिकला तर संशय गीझरवर. तरीही पडला तर वायरिंगवर किंवा दुसऱ्या उपकरणावर. प्लग काळवंडलेला दिसला तर सॉकेटमधला जोड सैल असतो. 2 किलोवॉटचा गीझर सुमारे 9 अँपिअर ओढतो, त्यात असा जोड तापतोच.

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर आंघोळ थांबवून मेनच बंद करावा. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे समजू नये. आरसीसीबी वगळून थेट जोड देण्याचा सर्रास चालणारा उपाय जिवावर बेतू शकतो. एलिमेंट बदलण्याचे काम परवानाधारक वायरमनकडेच द्यावे.