भीमाकाठी सायकल, पण उजाडल्यावर

पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली, की दौंड तालुका मागे राहतो आणि शिरूर सुरू होतो. न्हावऱ्याचा वर्दळीचा रस्ता सोडून गावरस्त्याला वळल्यास सायकलसाठी सपाट, शांत वाट मिळते. शरीराचा भार सीटवर येत असल्याने गुडघ्यांवर ताणही कमी पडतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग पुरे.

मात्र हा ऊसपट्टा आहे. गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत. उसात बिबट्याचाही वावर असतो. म्हणून पहाटेचा मोह टाळावा, उजाडल्यावरच निघावे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच.