घरासभोवारची जागा आणि रोपांचा जोडधंदा



शेतातल्या पिकांविषयी आपण नेहमी बोलतो, पण घराभोवतालची दोन-चार गुंठे जागा बोलण्यातून राहून जाते. नवे घर बांधले की पहिल्या पावसात जो तो बाजारातून चार रोपे आणतो आणि जिथे खड्डा सोपा जाईल तिथे लावून मोकळा होतो. पाच वर्षांनी शेवग्याची फांदी कौलांवर मोडते, आंब्याखाली भाजी येईनाशी होते, मोरीचे पाणी दारात साचते, आणि मग कुऱ्हाड शोधावी लागते. म्हणून आधी जागा आखावी, रोपे मग आणावी. त्यातूनच ज्यांना रोपांचा नि माळीकामाचा धंदा करायचा आहे, त्यांच्यासाठीही चार गोष्टी इथे देत आहोत.

समजा, तुमची जागा ६६ फूट लांब व ६६ फूट रुंद आहे. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, तेव्हा ही जागा चार गुंठे झाली. आता आंब्याचे कलम दोन्हीकडून १० मीटरवर, म्हणजे सुमारे ३३ फुटांवर लावायची पद्धत आहे. याचा सरळ अर्थ असा की एक आंबा पुरता एक गुंठा खातो. (एकरी ४० झाडे असा हिशेब जुने लोक सांगतात, तो इथूनच आला.) चार गुंठ्यांत घर, गोठा, अंगण आणि तीन आंबे बसवू म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा काडीने जमिनीवर करून पाहावा. लिंबाला २० फूट, माडाला २५ फूट आणि पपईला ७ फूट अंतर पुरते.

आधी चुन्याच्या फक्कीने किंवा राखेने घराची, वाटेची आणि विहिरीची रेघ मारा. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर वळायला जागा लागते, ती पहिल्यांदाच सोडा. नाहीतर पुढे वाढलेली मेंदीची कुंपणे तोडावी लागतात. डोक्यावरून विजेची तार जाते का तेही बघा. तारेखाली माड नको.

आता ऊन-वाऱ्याचा विचार. उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून घरात शिरते, भिंती तापतात आणि रात्री झोप लागत नाही. म्हणून मोठ्या सावलीचे झाड पश्चिम अंगाला हवे. समजा रस्ता पूर्वेला आहे, पुढे १२ फूट अंगण सोडले आहे आणि घर २४ फूट खोल आहे, तर मागे ३० फूट परस उरतो. त्याच्या मधोमध, भिंतीपासून १५ फुटांवर, एकच आंबा लावा आणि तो छाटून आटोक्यात ठेवा. वड, पिंपळ, उंबर ही झाडे गावाला हवीत, घराच्या पायाजवळ आणि विहिरीच्या कडेला मात्र नकोत. त्यांची मुळे बांधकामात घुसतात. वाराही बहुधा पश्चिमेचा, तेव्हा गोठा आणि उकिरडा त्या बाजूला ठेवला तर वास आणि माश्या थेट स्वयंपाकघरात येणार.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकून जातो. पुण्याच्या आसपास १२ फूट उंचीच्या घराची सावली डिसेंबरात भरदुपारीसुद्धा उत्तरेकडे १०-११ फूट पडते. मेथी, पालक, टोमॅटो, वांगी या पट्ट्यात लावाल तर रोपे नुसती उंच होऊन लोंबतील. भाजीचे वाफे दक्षिणेला किंवा पूर्वेला घ्या. रुंदी चार फुटांच्या वर नको, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. उत्तरेचा सावलीचा पट्टा वाया जात नाही, त्याचा उपयोग पुढे येईल.

काळ्या जमिनीत घर असेल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. भिंतीला लागूनच वाफा करून रोज पाणी दिले तर पायाखालची माती एका बाजूने फुगते आणि भिंतीला चिरा पडतात. लोक गवंड्याला दोष देतात. तेव्हा भिंतीपासून तीन-चार फूट पट्टा कोरडा ठेवा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि वाफे त्याच्या पलीकडे घ्या. मोरीचे पाणी चर काढून केळी, अळू, कर्दळ यांना द्या. ते पालेभाजीला सोडू नका, कारण कच्ची खाल्ली जाणारी भाजी त्या पाण्यावर बरी नव्हे. शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब हवा.

फळझाडांचे खड्डे एप्रिल-मेमध्येच काढून तापू द्यावेत. आंब्याला १ मीटर लांब, रुंद व खोल, लिंबाला त्याहून लहान चालेल. भरताना वरची चांगली माती, दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत आणि किलो-दोन किलो सुपर फॉस्फेट मिसळा. खड्डा जमिनीपेक्षा थोडा वर येईल असा भरा, पावसाने माती बसते. कलमाचा जोड मातीच्या वर चार-सहा इंच राहिला पाहिजे. जोडाची प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिली असेल तर ती सोडा, नाहीतर खोड तिथेच आवळते.

जोडाच्या खालून जी फूट येते ती दिसताक्षणी काढावी. ही गोष्ट मी स्वतः किंमत मोजून शिकलो. माझ्याच दारात बाजाराच्या दिवशी टेम्पोतून घेतलेले 'हापूस' कलम लावले होते. सातव्या वर्षी फळ धरले, तेव्हा ते लहान, आंबट आणि धाग्यांनी भरलेले निघाले. विकणाऱ्याचा पत्ता नव्हता. कलम मुळातच खोटे होते, की खालची रायवळ फूट वाढून वरचा हापूस मेला आणि मी पाहिले नाही, हे आजही सांगता येत नाही. शेवटी खोड करवतीने कापून नव्या फुटीवर पुन्हा कलमे बांधून घेतली. त्या झाडापायी सात वर्षांचे पाणी आणि जागा गेली. भाजीचे बी खोटे निघाले तर एक हंगाम जातो, फळझाड खोटे निघाले तर माणसाचे अर्धे उमेदीचे वय जाते.

म्हणूनच महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ सालापासून कायदा आहे. फळझाडांची कलमे-रोपे तयार करून विकायची तर कृषी खात्याचा परवाना घ्यावा लागतो. खुंट कुठला, कलमकाडी कोणत्या झाडावरून घेतली, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. १९९० साली रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा कलमांना मोठी मागणी आली आणि अनेकांनी या धंद्यात पाऊल टाकले. पण ज्याच्या कलमाला फळ खरे येते त्याच्याचकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जाते. तेव्हा कलमकाडी घ्यायची ते झाड दोन-तीन वर्षे फळताना स्वतः पाहिलेले असावे.

नवख्याने मात्र आंब्यापासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. पहिले वर्ष सोप्या झाडांवर हात बसवा. मेंदी, जास्वंद, मोगरा, कण्हेर यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड, सहा-आठ इंच काड्या पावसाळ्यात लावून रोपे होतात. कढीपत्त्याची पिकलेली फळे धुवून बी लगेच पेरावे, ठेवलेले बी रुजत नाही. शेवगा बियांपासून सहज होतो. पपई विकताना गिऱ्हाइकाला सांगून द्या की एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लाव आणि फुले आल्यावर नराची काढून टाक. जातीत नर-मादी वेगळे असतील तर रोपावरून ते तुम्हालाही ओळखता येणार नाही.

पिशवी भरायला दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू. माती चिकट असेल तर वाळू वाढवा, आणि पिशवीला तळाशी भोके असल्याची खात्री करा. मघाचा उत्तरेचा पट्टा इथे कामी येतो. भिंतीजवळच्या सावलीत नवी रोपे ठेवा, बाहेरच्या उन्हात विकायला आलेली. सावलीतून सरळ गिऱ्हाइकाच्या शेतात गेलेले रोप करपते आणि नाव तुमचे जाते. उन्हाळ्या-पावसाळ्यात भिंतीची सावली पुरत नाही, मांडव किंवा हिरवी जाळी हवीच.

आता पैशाचा हिशेब. इथेच बरेचजण फसतात. समजा हजार पिशव्या भरल्या. पिशवी, माती, खत, पाणी आणि तुमची स्वतःची मजुरी धरून एका पिशवीला ८ रुपये पडले, म्हणजे ८००० रुपये. त्यांतली काही मेली, काही खुरटली, विकण्याजोगी ७०० निघाली. मग एका रोपाचा खर्च ८ नव्हे, साडेअकराच्या जवळ झाला. १० रुपयांना विकून 'दोन रुपये सुटले' असे समजणाऱ्याच्या हाती ७००० येतात आणि हजार रुपये घरचे जातात. म्हणून पहिल्या वर्षी दोनशे-तीनशेच पिशव्या भरा आणि किती मेली ते लिहून ठेवा.

तालुक्याच्या गावी दवाखाने, शाळा, बंगले यांच्या बागा महिन्याच्या बोलीवर सांभाळायचे कामही मिळते. हातात खुरपे, सिकेटर, झारी, कुदळ एवढे असले की सुरुवात होते. बोली मात्र कागदावर लिहून घ्या. आठवड्यातून किती दिवस यायचे, पाणी कोणी घालायचे, खताचे पैसे कोणाचे, रोप मेले तर भरून कोणी द्यायचे आणि पैसे कोणत्या तारखेला, हे सारे त्यात हवे. हिरवळीची हौस असणारे मालक भेटतील. गंमत पाहा, जी हरळी खणता खणता आपल्या वडिलांची कंबर मोडली, ती शहरात लोक पैसे देऊन लावून घेतात! लावून द्या, पण तिला उन्हाळ्यात किती पाणी लागते ते आधी सांगा. टंचाईच्या गावात ती वाळली की बोल माळ्यालाच बसतो.

हात बसल्यावर ज्यांना कोयकलम शिकायचे असेल त्यांनी कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणाची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावी. कोयी रसाच्या दिवसांतच जमवा, घरोघरी सांगून ठेवा. त्या धुवून सावलीत ठेवा, उन्हात वाळवू नका, आणि आठ-पंधरा दिवसांत गादीवाफ्यावर लावा. जुनी कोय रुजत नाही. कलमकाडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची घ्या, आणि झाडावरून तोडायच्या आठवडाभर आधी तिची पाने देठ ठेवून कापा. रोप तांबूस कोवळ्या पानांचे असतानाच बांधा, पाने हिरवी झाली की उशीर झाला.