मुक्या रोग्याचा दवाखाना

वसुबारस आली की आमच्या आर्वीकडच्या घरी वहिनी गाईच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते आणि न चुकता एका वासराचे नाव काढते. ते वासरू आता नाही. त्याची हकीकत सांगायची तर मला आधी माझी एक चूक कबूल करावी लागेल. मी वर्ध्याला महाविद्यालयात मराठी शिकवतो. लिहिणे आणि दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय. आणि माझी चूक झाली ती नेमकी लिहिण्यातच.

पण त्याआधी आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्याची ओळख करून द्यायला हवी. शहरातल्या वाचकांना हा दवाखाना फारसा ठाऊक नसतो. एक बैठी इमारत, पुढे कडुनिंब, त्याखाली लोखंडी नळ्यांचा खोडा. जनावर त्यात उभे केले म्हणजे त्याला हलता येत नाही आणि डॉक्टरांची हाडे शाबूत राहतात. आत एक शीतकपाट असते. लसी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. वीज गेली की इथल्या माणसांच्या जिवाची जी घालमेल होते ती पाहण्यासारखी असते. कोपऱ्यात दुधाच्या कॅनसारखे एक भांडे असते. त्यात द्रवरूप नायट्रोजन, शून्याखाली १९६ अंश! कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात जपलेल्या असतात. आमच्या भागातल्या पांढऱ्या, सडपातळ, चालीला चपळ अशा गवळाऊ गाईचा वंश टिकवण्याच्या खटपटीत या भांड्याचाही वाटा आहे.

माणसे मोजकीच. पशुधन विकास अधिकारी ही सरकारी पदवी. गाव त्यांना ‘डॉक्टरबाई’ म्हणते. एक पर्यवेक्षक. आणि एक व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुणारा, पट्टी बांधणारा, जनावर धरणारा माणूस. त्याला सगळे ‘काका’ म्हणतात. पुष्कळ वर्षे या कामात गेल्यामुळे काकांना तालुक्यातल्या बऱ्याच गाईंचे स्वभाव ठाऊक आहेत, त्यांच्या मालकांचेही!

मी या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तो माझ्या शब्दांच्या नादापायी. बाहेरच्या फळ्यावर लिहिले होते, ‘घटसर्पाची लस उपलब्ध’. मी चमकलो. घटसर्प म्हणजे लहान मुलांचा घशाचा रोग, डिप्थेरिया. तो गुरांच्या दवाखान्यात कुठून आला? डॉक्टरबाई हसल्या. गुरांचा घटसर्प निराळा, त्याचा जंतू निराळा. घसा सुजतो आणि श्वास घुसमटतो एवढेच साम्य. पावसाळ्यापूर्वी त्याची लस टोचावी लागते. मग काकांनी मला सगळी नामावळी ऐकवली. फऱ्यात मांसल भागावर सूज येते आणि ती दाबली की करकर वाजते. तिवा तीन दिवसांत उतरतो म्हणून तिवा. लाळ्या खुरकुतात तोंडातून लाळ गळते आणि खुरांत जखमा होतात. फाशी, काळपुळी, बुळकांडी! मी भारावून गेलो. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी रोग्याकडे किती बारकाईने पाहिले असेल! शब्दकोशापेक्षा गोठ्यातच मराठी अधिक नेटकी आहे, असे मी त्या दिवशी घरी येऊन पत्नीला ऐकवलेही.

आणि एवढे कळूनही मी ती चूक केली.

२०२२ चा पोळा झाला आणि पाठोपाठ महाराष्ट्रात लंपी त्वचारोगाची साथ पसरली. हा रोग भारतात पहिल्यांदा आढळला तो २०१९ मध्ये, ओडिशात. विषाणूचा रोग, माश्या, डास, गोचीड त्याला एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात. गुरांचे बाजार बंद झाले. कुणी दूध घ्यायला घाबरू लागले, वास्तविक हा रोग माणसाला होत नाही. शेळ्यांच्या देवीची जी लस असते, तीच गाईंना टोचायची असे ठरले. यातही एक मौज आहे. १७९६ साली एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीचा उपयोग करून माणसांना देवीपासून वाचवण्याची वाट दाखवली. व्हॅक्सिन हा शब्दच लॅटिनमधल्या गाय या अर्थाच्या ‘व्हाका’ वरून आला. गाईने माणसाला वाचवले, आता शेळी गाईला वाचवणार होती.

पण तेव्हा मौज पाहायला कुणाला सवड नव्हती. डॉक्टरबाई, पर्यवेक्षक आणि काका बर्फाच्या पेट्या घेऊन पहाटे निघत ते रात्री परतत. त्या गडबडीत बाई मला म्हणाल्या, “सर, लोकांना वाटायला एक पत्रक लिहून द्या. मी तोंडी सांगते, तुम्ही नीट मराठीत मांडा.” त्यांनी सांगितले, मी टिपून घेतले. घरी आल्यावर टिपण ‘नीट’ केले. ‘बाधित पशूंचे तत्काळ विलगीकरण करावे.’ ‘गोठ्यात कीटकनाशकाची फवारणी करावी.’ आणि ठळक अक्षरांत, ‘जनावराच्या अंगावर गाठी दिसताच पशुवैद्यकाशी संपर्क साधावा.’ बाईंनी लक्षणे ओळीने पाच-सहा सांगितली होती. मला वाटले, पत्रक सुटसुटीत हवे. गाठी हे मुख्य लक्षण, तेवढे पुरे. बाईंना तपासायला वेळ नव्हता. शिवाय मराठीच्या प्राध्यापकाचे लेखन तपासायचे ते काय!

दादाने ते पत्रक मोठ्या अभिमानाने गोठ्याच्या दाराला चिकटवले.

दहा-बारा दिवसांनी वहिनीचा फोन आला. दोन महिन्यांचे वासरू आजारी होते. मी डॉक्टरबाईंना कळवून गावी पोहोचलो, तो बाई आधीच आलेल्या. वासराच्या मानेवर, पाठीवर सुपारीएवढ्या गाठी; पाय सुजलेले; श्वास जोरात. बाईंनी विचारले, “दूध पिणं कधी सोडलं?” वहिनी म्हणाली, पाच दिवस झाले. “डोळ्यांतून पाणी?” तेही पाच दिवस. “मग कळवलं का नाही?”

दादाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या स्वरात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. “अरे, तूच लिवलं होतं ना, गाठी दिसल्या की सांगा म्हनून. गाठी तर कालच्या रातीच दिसल्या.”

वासरू तिसऱ्या दिवशी गेले. बाईंनी माझी समजूत घातली. विषाणूवर थेट औषध नाही; ताप उतरवायचा, वर दुसरे जंतू चढू द्यायचे नाहीत, जखमा धुवायच्या, पाणी पाजायचे, एवढेच करता येते; एवढे लहान वासरू लवकर कळवूनही वाचतेच असे नाही. हे खरे असेल. पण पाच दिवस हातात होते आणि ते माझ्या एका सुटसुटीत वाक्याने घालवले, हेही खरेच.

मी दवाखान्यात गेलो आणि म्हणालो, “पत्रक पुन्हा लिहू. या वेळी मी फक्त लेखनिक.”

कडुनिंबाखाली आम्ही बसलो. काका प्रथमच बोलले. “मास्तर, ढोर पह्यले चाऱ्यावरून तोंड फिरवते. मंग डोये गयतात. अंग तापते. गाठी मंग येतात. आन् विलगीकरन म्हंजे का, हे मले बी नाई समजलं.” काका तीच पत्रके आठ दिवस गावोगाव वाटत होते!

नवे पत्रक असे झाले: ‘जनावर चारा खात नाही? रवंथ करत नाही? डोळ्यांतून, नाकातून पाणी येते? गाठींची वाट पाहू नका. आजच कळवा. त्याला दुसऱ्या जागी बांधा. पाण्याचे घमेले वेगळे ठेवा. आधी चांगल्या जनावरांचे करा, मग आजाऱ्याचे. गोठ्यात पाणी साचू देऊ नका, गोचीड मारा. लस टोचल्यावर तिचा जोर यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर सांभाळा.’ यात माझा शब्द एकही नाही. मात्र हे पत्रक गोठ्याच्या मालकाने वाचले आणि त्याला दुसऱ्यांदा वाचावे लागले नाही.

तेव्हापासून मी सुट्टीत या मंडळींबरोबर कधीमधी हिंडतो. हा रोगी आपले दुखणे सांगू शकत नाही, म्हणून त्याचा जबाब मालकाकडून घ्यावा लागतो. वाचकांपैकी ज्यांच्या दावणीला जनावर आहे, त्यांनी १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करण्यापूर्वी काही गोष्टी पाहून ठेवाव्यात. शेवटचे कधी खाल्ले, रवंथ चालू आहे का, शेण-लघवी कशी आहे, दूध किती घटले. गाभण असल्यास कितवा महिना, व्याली असल्यास जार पडला का. कुठली लस कधी टोचली. आणि कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक. नुसता हात लावून ताप सांगू नये. निरोगी गाईचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते, १०१-१०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास. थर्मामीटर लावला तरच खरे कळते.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. या दवाखान्यातल्या माणसांना जनावराची लाथ बसते, ते दिसते. न दिसणारा धोका मोठा आहे. गाभडलेल्या गाईचा अडकलेला जार उघड्या हाताने काढणाऱ्याला ब्रुसेलोसिस जडू शकतो. महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, दुखणारे सांधे, आणि माणसांच्या डॉक्टरला कारणच सापडत नाही! म्हणून खांद्यापर्यंतचे हातमोजे हवेतच. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस एकदाच टोचतात. ती जिवंत लस असल्याने टोचणाऱ्याने स्वतःची बोटेही सांभाळावी लागतात. तसेच, गाय लाळ गाळते, घशात काही अडकल्यासारखे करते, म्हणून पुष्कळजण तोंडात हात घालतात. तो रेबीज असू शकतो. कुत्रे चावल्याची आठवण नसली तरी हात घालू नये, डॉक्टरांना बोलवावे.

हे सारे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आमच्या वर्धा जिल्ह्याला गोसेवेचा वारसा आहे. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात हेच काम अंगावर घेतले होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले. वर्ध्याच्या गोरस भांडाराचे दूध आणि गोरसपाक आम्ही लहानपणापासून जाणतो. परंतु गाईचे गुण गाणे आणि तिच्या जार काढण्याच्या वेळी रात्री दोनला कंदील धरणे यांत अंतर आहे, ते मला या दवाखान्याने दाखवले.

निराश व्हावे असेही काही नाही. काकांच्या यादीतल्या बुळकांडीने एकेकाळी गावेच्या गावे बैलांविना केली होती. असल्याच रोगांच्या संशोधनासाठी १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. भारतात बुळकांडीचा शेवटचा रोगी १९९५ साली आढळला. २०११ मध्ये ती जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून नाहीशी केलेली ही दुसरी व्याधी. प्रयोगशाळेने लस दिली. ती बर्फात घालून, सायकलीवर, बैलगाडीत, पायी गोठ्यापर्यंत नेली ती अशाच कुण्या काकांनी. लंपीसाठीही ‘लंपी-प्रोव्हॅक’ नावाची देशी लस २०२२ मध्ये तयार झाली आणि तिच्या उत्पादनाचा करार त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या नागपुरात झाला. आमच्या काकांना आज बुळकांडी फक्त नावाने ठाऊक आहे. तरुण पर्यवेक्षकाला तेही ठाऊक नाही. रोगाचे नाव भाषेतून पुसले जाताना मराठीच्या प्राध्यापकाला आनंद व्हावा, असा हा एकच प्रसंग असेल!

गोठ्याच्या दारावर आता दुसरे पत्रक आहे. पहिले मी काढून आणले. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधात ‘विलगीकरण’ आले की मी आधी तिकडे पाहतो आणि मगच लाल पेन उचलतो. मागल्या वसुबारसेला त्याच गाईजवळ नवे वासरू उभे होते. वहिनीने दोघांना ओवाळले, जुन्या वासराचे नाव घेतले, आणि मग मला म्हणाली, “भाऊजी, याने सकाळी दूध कमी पेलं. डॉक्टरबाईले फोन लावा बरं.”

गाठ एकही नव्हती. मी लगेच फोन लावला.